खेळाचा संगणक घरी जुळविताना

२०२४ च्या मे महिन्यातील गोष्ट. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती आणि काचीगुड्याच्या रस्त्यांवर दुपारी चिटपाखरूही दिसत नव्हते. अशा वेळी आमच्या शाळेतील दोन भावंडे घामाने निथळत आमच्या दारी येऊन उभी राहिली. थोरली बहीण नुकतीच दहावी उत्तीर्ण झालेली, धाकटा भाऊ आठवीत गेलेला. मुलाच्या हाती एका दुकानदाराने लिहून दिलेला कागद होता. ‘आय सेव्हन गेमिंग पीसी, सोळा जीबी रॅम, चार जीबी ग्राफिक्स, पाचशे वॅट एसएमपीएस, सप्तरंगी दिव्यांचे कॅबिनेट, एकूण रुपये ४८,०००,’ असा त्यावर मजकूर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पाच हजार रुपये विसार द्यावयाचे ठरले होते. “सर, एकदा नजर टाका,” एवढेच म्हणून मुलाने कागद पुढे केला.

हे अठ्ठेचाळीस हजार कसे जमले होते तेही सांगितले पाहिजे. त्यांपैकी तीस हजार आजीने आपल्या निवृत्तिवेतनातून साठविलेले होते. बारा हजार बहिणीचे, बक्षिसांतून आणि लहान मुलांच्या शिकवणीतून मिळालेले. उरलेले सहा हजार भावाचे, कित्येक वर्षांच्या वाढदिवसांचे आणि दिवाळीचे. आजीने दोन अटी घातल्या होत्या. यंत्र दोघांच्याही उपयोगी पडले पाहिजे, ही एक. आणि पै-पैचा हिशेब लेखी मिळाला पाहिजे, ही दुसरी. शिवाय पुढील पाच वर्षे या कामासाठी घरातून आणखी पैसा मिळणार नाही, हेही तिने स्पष्ट केले होते.

खेळण्यासाठी एवढा खर्च म्हणजे उधळपट्टी, असे आमचे मत होते आणि ते आम्ही बोलून दाखविले. त्यावर मुलगी शांतपणे म्हणाली, “सर, मोबाईलवर ब्लेंडर चालत नाही.” ब्लेंडर हे त्रिमित चित्रे आणि चलच्चित्रे तयार करण्याचे विनामूल्य साधन होय. तिला ते शिकावयाचे होते. भावाला मोटारशर्यतीचा फोर्झा होरायझन ५, फुटबॉलचा एफसी २४ आणि माइनक्राफ्ट हे खेळ हवे होते. ही दोन्ही कामे संगणकाच्या एकाच अवयवावर सर्वांत जास्त भार टाकतात, म्हणून एका यंत्रात दोघांची सोय होणे शक्य होते. आम्ही आमचे मत गुंडाळून ठेवले आणि कागद वाचावयास घेतला.

प्रथम ‘आय सेव्हन’ या शब्दांकडे पाहू. आय थ्री, आय फाइव्ह, आय सेव्हन या नावांवरून प्रोसेसरची प्रत कळते, वय कळत नाही. वय कळते ते पुढील अंकांवरून. आम्ही दुकानदारास दूरध्वनी केला तेव्हा तो प्रोसेसर आय सेव्हन ३७७० असल्याचे समजले. यातील पहिला तीन हा अंक पिढी दाखवितो. तो तिसऱ्या पिढीचा, म्हणजे एप्रिल २०१२ मध्ये बाजारात आलेला प्रोसेसर होता. त्याच्याशी आपण आय थ्री १२१०० एफ या प्रोसेसरची तुलना करू. येथे पहिले दोन अंक पिढी सांगतात; हा बाराव्या पिढीचा, जानेवारी २०२२ मधील. दोघांतही कोअर चारच आणि थ्रेड आठच. परंतु नवा प्रोसेसर घड्याळाच्या प्रत्येक ठोक्यास पुष्कळ अधिक काम उरकतो, त्याचा ठोकाही जलद आहे आणि तो डीडीआर ४ जातीची रॅम वापरतो. जुन्याला डीडीआर ३ वर भागवावे लागते. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत तर इंटेलचे प्रोसेसर आठव्या पिढीपासून पुढचेच आहेत. म्हणजे ज्या यंत्रावर पाच वर्षे काढावयाची, ते पहिल्याच दिवशी यादीबाहेर! दुकानदार खोटे बोलला नव्हता. कागदावर आय सेव्हन होते आणि आत आय सेव्हनच असणार होता. तो किती वर्षांचा, हे मात्र त्याने सांगितले नव्हते आणि मुलांनी विचारले नव्हते.

आता मूळ प्रश्न. यंत्राचे भाग निवडण्यास बसल्यावर बहुतेक जण प्रोसेसरपासून आरंभ करतात. आमच्या मते आरंभ पडद्यापासून करावा. या मुलांच्या घरी वडिलांचा एक जुना मॉनिटर होता. तो १९२० × १०८० बिंदूंचा आणि ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदास साठ वेळा चित्र बदलणारा होता. नवा घेण्यास पैसे नव्हते, म्हणून तोच वापरावयाचा. आता गणित पाहा. १९२० ला १०८० ने गुणल्यास २०,७३,६०० बिंदू होतात. प्रत्येक बिंदूचा रंग संगणकाने ठरवावयाचा, आणि तोही सेकंदास साठ वेळा. म्हणजे सेकंदास १२,४४,१६,००० रंग. आणि एका चित्रासाठी हाती वेळ किती, तर सेकंदाचा साठावा भाग, सुमारे १६.७ सहस्रांश सेकंद. हाच पडदा २५६० × १४४० चा असता तर बिंदू ३६,८६,४०० झाले असते. ३८४० × २१६० चा असता तर ८२,९४,४००, म्हणजे बरोबर चौपट. काम चौपट झाले की यंत्राची किंमत कोठे जाईल हे सांगावयास नको. उलट, जो पडदा सेकंदास साठच चित्रे दाखवितो, त्याच्यासाठी शंभर चित्रे काढणारे यंत्र घेतल्यास वरच्या चाळीस चित्रांचा लाभ फारच थोडा. वडिलांच्या त्या जुन्या मॉनिटरने आमचा निम्मा निर्णय परस्पर करून टाकला होता.

ही चित्रे तयार कशी होतात? घरात सणाच्या दिवशी एकीने पोळ्या लाटाव्यात आणि दुसरीने भाजाव्यात, तसा हा प्रकार असतो. मोटार कोठे आहे, चेंडू कोणत्या दिशेस गेला, कोणता खेळाडू धावतो आहे, याचा हिशेब प्रोसेसर करतो आणि ‘आता अमुक चित्र काढ’ अशी आज्ञा पुढे धाडतो. ही लाटलेली पोळी. ग्राफिक्स कार्ड त्या आज्ञेप्रमाणे वीस लाख बिंदूंत रंग भरते. ही भाजलेली पोळी. समजा, प्रोसेसरला एका चित्राचा हिशेब करण्यास ८ सहस्रांश सेकंद लागतात आणि कार्डाला रंग भरण्यास १६. तर सेकंदास चित्रे किती निघतील? लाटणारी सव्वाशे लाटू शकते म्हणून सव्वाशे निघणार नाहीत. भाजणारीच्या वेगाने बासष्ट-त्रेसष्टच निघतील. येथे प्रोसेसरवर आणखी दहा हजार खर्च केले तरी एकही चित्र वाढावयाचे नाही. याच्या उलट, मंद प्रोसेसरशेजारी महाग कार्ड ठेवल्यास ते कार्ड तवा तापवून नुसते बसून राहील. आम्ही निवडलेल्या खेळांत आणि या पडद्यावर अधिक कष्टाचे काम भाजणारीचे होते. म्हणून प्रोसेसर मध्यम, आणि वाचेल तेवढा पैसा कार्डावर, असे ठरले.

कागदावरील चार जीबीचे कार्ड जीटीएक्स १६५० होते. एप्रिल २०१९ मधील हे कार्ड वाईट नव्हे. ७५ वॅटमध्ये चालते आणि त्याच्या बहुतेक प्रतींस वेगळी वीजजोडणी लागत नाही, म्हणून जुन्या कार्यालयीन यंत्रात बसविण्यास उत्तम. परंतु नव्या खेळांतील रस्ते, भिंती, झाडे यांची चित्रपटले कार्डाच्या स्वतःच्या स्मृतीत मावावी लागतात. चार जीबीत ती मावली नाहीत, की कार्ड मुख्य रॅममधून आणावयास धावते आणि खेळ अडखळत चालतो. यास्तव आठ जीबीखालचे कार्ड घ्यावयाचे नाही, अशी रेघ आम्ही आखली.

या रेघेच्या वर, त्या वेळच्या बाजारात आमच्या आवाक्यात दोनच नवी कार्डे होती. एएमडीचे आरएक्स ६६०० आणि एनव्हीडियाचे आरटीएक्स ३०५०. किमती जवळजवळ सारख्या. आणि येथे भावंडांचे भांडण जुंपले. खेळांत आरएक्स ६६०० ठळकपणे पुढे, यात शंका नाही. ब्लेंडरमध्ये अंतिम चित्र रेंडर करताना मात्र एनव्हीडियाचे कार्ड पुढे, कारण किरणांचा माग काढण्यासाठी त्यात असलेली खास यंत्रणा ब्लेंडर चांगल्या रीतीने वापरतो. भाऊ म्हणे ६६००, बहीण म्हणे ३०५०. “ताईला रात्रभर रेंडर लावून झोपता येईल, मला झोपेत गाडी चालवता येणार नाही,” हा भावाचा युक्तिवाद बिनतोड वाटला आणि क्षणभर आम्हीही त्याच्या बाजूस झुकलो. परंतु मुलीने वरचेच गणित पुढे ठेवले. पडदा साठ चित्रांचा आहे. भावाचे तीनही खेळ ३०५० वर, एखाददुसरी सजावट कमी केल्यास, साठ चित्रांनी चालतात. मग ६६०० मुळे मिळणारी वरची चित्रे त्याला दिसणार कोठे? आणि तिचे रेंडर तर रोज लांबणार. उद्या वेगवान पडदा आला असता तर निवाडा वेगळा झाला असता. तो पाच वर्षे येणार नव्हता. भाऊ थोडा वेळ गप्प बसला आणि मग ‘चालेल’ म्हणाला. त्या ‘चालेल’ मध्ये राग होता, हे नमूद केले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी विसार द्यावयास न जाता आम्ही तिघे सिकंदराबादेस पार्कलेनला गेलो. तेथील चिनॉय ट्रेड सेंटर म्हणजे आमच्या शहरातील संगणकाच्या सुट्या भागांची पेठ. एका गाळ्यात ३०५० विचारताच दुकानदाराने खोका पुढे सरकविला. किंमत चार हजारांनी कमी! मुलाचे डोळे चमकले. खोका फिरवून पाहिला तर ‘सहा जीबी’ असे छापलेले. “वोइच है साब,” दुकानदार म्हणाला. (दखनीतील हा ‘च’ आपल्या मराठीचाच, आणि ‘नक्को’ ही आपलाच, पण माल आपला नव्हता.) जानेवारी २०२२ मध्ये आलेले आठ जीबीचे ३०५० आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेले सहा जीबीचे ३०५० ही दोन निराळी कार्डे आहेत. पहिल्यात गणना करणारे २,५६० कोअर आहेत, दुसऱ्यात २,३०४. पहिल्याची स्मृती १२८ बिट रुंदीच्या वाटेने ये-जा करते, दुसऱ्याची ९६ बिट. पहिले १३० वॅट घेते, दुसरे ७०. नुसती दोन जीबी कमी नाहीत, सगळे इंजिनच लहान आहे. कमी विजेत चालणारे म्हणून त्यालाही गिऱ्हाईक आहे. पण एका नावाने दुसरे गळ्यात पडू नये.

जुन्या कार्डांचा मोह येथेच आडवा आला. इथेरियम नावाचे आभासी चलन मिळविण्यासाठी लोक ग्राफिक्स कार्डे अहोरात्र चालवीत असत. १५ सप्टेंबर २०२२ रोजी त्या चलनाची पद्धत बदलली आणि ती कार्डे एका दिवसात निरुद्योगी होऊन जुन्या बाजारात लोटली. त्यांपैकी सगळी खराब असतात असे नव्हे. पण पंखे झिजलेले, उष्णता वाहणारी लेपपट्टी वाळलेली आणि हमी संपलेली, अशा अवस्थेत घेणारा स्वतः दुरुस्ती जाणणारा हवा. त्यातही आरएक्स ५८० या नावाखाली ‘२०४८ एसपी’ अशी बारीक अक्षरे असलेले कार्ड फिरते. मूळ ५८० मध्ये २,३०४ गणक असतात. २०४८ वाले म्हणजे वस्तुतः धाकटे ५७० होय. आजीच्या पैशांवर हा प्रयोग करणे आम्हास उचित वाटले नाही.

रॅमविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. सोळा जीबी पुरेशी होती. मात्र सोळाची एक पट्टी न घेता आठ-आठच्या दोन घ्याव्यात. डीडीआर ४ ची ३२०० वेगाची एक पट्टी सेकंदास २५.६ जीबी माहिती ने-आण करू शकते. दोन पट्ट्या दोन वाटांनी ५१.२ जीबी. पैसे जवळजवळ तेवढेच, वाट दुप्पट रुंद.

आता ज्या भागाविषयी आम्हास सर्वांत अधिक सांगावयाचे आहे तो भाग, एसएमपीएस. भिंतीतील २३० व्होल्टची उलटसुलट वाहणारी वीज घेऊन संगणकास लागणारी १२, ५ आणि ३.३ व्होल्टची सरळ वीज देणारा हा लोखंडी डबा. त्याने खेळ वेगाने चालत नाही, तो दिव्यांनी झगमगत नाही आणि कॅबिनेटच्या तळाशी दडून बसतो. म्हणून पैसे कमी पडले की प्रथम गदा त्याच्यावर. आम्ही स्वतः ही चूक केलेली आहे. काही वर्षांपूर्वी कॅबिनेटबरोबर फुकट मिळालेल्या एसएमपीएसवर आमचे घरचे यंत्र चालत होते. एका पावसाळी संध्याकाळी वीज दोनदा गेली-आली, आतून चर्र असा आवाज आला आणि जळका वास सुटला. तो डबा गेला तर गेला, पण जाताना मदरबोर्ड आणि हार्डडिस्क घेऊन गेला. त्या डिस्कवर आमची सात वर्षांची टिपणे आणि प्रश्नपत्रिका होत्या. दुसरी प्रत ठेवलेली नव्हती. वाचविलेले पैसे होते बाराशे.

तेव्हा मुलांनो, एसएमपीएसच्या बाजूवरील कोष्टक वाचावयास शिका. आठवीतील विद्यार्थ्यास ते अवघड नाही, कारण वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. हल्लीच्या यंत्रात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोघे मोठे खाणारे १२ व्होल्टच्या पंक्तीवर जेवतात. त्या दिवशी पेठेत आम्ही एक स्वस्त डबा हाती घेतला. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘५००’ असे लिहिले होते. कोष्टकात १२ व्होल्टच्या खाली ‘१६ अँपिअर’ होते. मुलाला गुणाकार करावयास सांगितला. १२ × १६ = १९२. पाचशे वॅट कोठे गेले? आता आमच्या यंत्राची भूक मोजू. प्रोसेसर जोरात असताना ८९ वॅट, कार्ड १३०. दोन्ही मिळून २१९. म्हणजे कामास लागताच हा डबा अपुरा! मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे यांचे अंदाजे ५० वॅट धरल्यास बेरीज सुमारे २७० होते. कार्डाची भूक क्षणभर एकाएकी वाढते, शिवाय डबा नेहमी पूर्ण भाराने चालवू नये, म्हणून ५५० वॅटचा, आणि ज्याचे बहुतेक वॅट १२ व्होल्टवरच मिळतात असा, घ्यावयाचे ठरले.

डब्यावर ‘८० प्लस ब्राँझ’ असा शिक्का असतो. ही पद्धत २००४ पासूनची. तिचा अर्थ एवढाच की भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती भाग खरोखर संगणकास पोचतो. निम्म्या भारावर ब्राँझचा डबा सुमारे ८५ टक्के पोचवितो. आमच्या २७० वॅटसाठी तो भिंतीतून सुमारे ३१८ वॅट घेईल आणि मधले ४८ उष्णता होऊन जातील. हा शिक्का सुरक्षिततेचे प्रमाणपत्र नव्हे, हे ध्यानात ठेवावे. जादा भार झाल्यास किंवा आत वीज आडवी झाल्यास स्वतः बंद पडण्याची सोय आहे की नाही आणि हमी किती वर्षांची आहे, हे वेगळे विचारावे लागते.

कॅबिनेट निवडताना आमच्या उन्हाळ्याचा विचार केला. खोलीतील हवा ३० अंशांवरून ४० वर गेली की आतील प्रत्येक भागाचे तपमानही जवळजवळ दहा अंशांनीच चढते, कारण पंखा हवा थंड करीत नाही, नुसती बदलतो. काचेचे तोंड असलेली कॅबिनेटे दिसावयास सुंदर, पण समोरून वारा घेत नाहीत. आम्ही जाळीचे तोंड आणि तीन पंखे असलेले साधे घेतले. दिवे नव्हते. भावाचा दुसरा ‘चालेल’.

पेठेत त्या दिवशी मिळालेले भाव, कर धरून, असे होते. प्रोसेसर ७,८००, त्याच्या खोक्यात पंखा असतोच. एच ६१० जातीचा मदरबोर्ड ६,२००. रॅम ३,४००. एक टीबीची एसएसडी ५,४००. कार्ड २०,४००. एसएमपीएस ३,९००. कॅबिनेट २,७००. बेरीज ४९,८००. अठराशे रुपये कमी पडले. दुकानदाराने तत्काळ तोडगा काढला, “एसएमपीएस चौदाशेवाला डाल देता हूँ.” आम्ही काही बोलण्यापूर्वीच मुलगा म्हणाला, “नक्को.” मग काय कमी करावे? प्रोसेसर, कार्ड, मदरबोर्ड हे एकदा घेतले की बदलणे कठीण. जागा मात्र मागाहून वाढविता येते. मदरबोर्डावर आणखी एसएसडी जोडण्यास साटाच्या मोकळ्या जागा असतात. म्हणून एक टीबीऐवजी ५०० जीबीची एसएसडी ३,३०० रुपयांत घेतली. एकट्या फोर्झालाच शंभर जीबीहून अधिक जागा लागते, तेव्हा भावाला एका वेळी दोन मोठे खेळ ठेवून समाधान मानावे लागणार होते. बेरीज ४७,७०० झाली. तीनशे उरले.

पावती पक्की घेतली. १८ टक्के कर चुकविण्यासाठी कच्च्या चिठ्ठीवर माल घेणारे पुष्कळ आहेत. ४७,७०० मध्ये कराचे सुमारे ७,२७६ रुपये होते, हे खरे. पण कार्ड वर्षभराने बंद पडले तर कच्ची चिठ्ठी घेऊन कोठे जावयाचे? प्रत्येक भागाचा क्रमांक पावतीवर लिहून घेतला. दुकानदार विंडोजही ‘फुकट टाकून’ देत होता. चोरीची प्रत नको म्हणून सांगितले. बहिणीने आरंभी लिनक्स घातले. २०१८ पासून प्रोटॉन या साधनामुळे विंडोजचे पुष्कळ खेळ लिनक्सवर चालतात, आणि ब्लेंडर तर मुळातच चालतो. फसवणूक रोखणारी कडक यंत्रणा असलेले काही खेळ मात्र चालत नाहीत. एफसी २४ त्यातलाच निघाला आणि फुटबॉलसाठी पुढे विंडोज रीतसर विकत घेईपर्यंत भावाला दिवाळीची वाट पाहावी लागली. हा खर्च आम्ही आधी धरावयास हवा होता. ती चूक आमची.

जुळणी घरच्या जेवणाच्या टेबलावर झाली. स्क्रू सैल-घट्ट करण्यापलीकडे तीत कसब थोडे, सावधपणा अधिक. प्रोसेसरच्या कोपऱ्यातील त्रिकोण मदरबोर्डावरील त्रिकोणाशी जुळवावयाचा आणि तो दाबावयाचा नाही, नुसता ठेवावयाचा. रॅमला मात्र ‘कट्’ असा आवाज येईतो दाबावे लागते. चार वाजता सर्व जोडून झाले. कळ दाबली. पंखे फिरले. पडदा काळा. पुन्हा कळ दाबली, पुन्हा काळाच. भावाचा चेहरा पांढरा पडला. प्रोसेसर बसविताना त्यानेच हात लावला होता. आजी माजघरातून येऊन उभी राहिली, पण काही बोलली नाही. पाव तास आम्ही रॅम काढून घालून पाहिली. मग बहिणीने यंत्राच्या मागे वाकून पाहिले आणि हसू लागली. मॉनिटरची तार मदरबोर्डाच्या खाचेत होती! आमचा प्रोसेसर ‘एफ’ होता. नावाच्या शेवटी एफ म्हणजे चित्र काढणारा भाग त्यात नाही. मदरबोर्डावरील ती खाच त्याच्या दृष्टीने मुकी. तार काढून कार्डाला जोडली आणि पडदा उजळला. पुढे सेटिंगमध्ये जाऊन एक्सएमपी चालू केले, नाहीतर ३२०० ची रॅम आपल्या आप २६६६ वरच चालत होती.

उरलेल्या तीनशे रुपयांची कथा राहिली. संध्याकाळी आजीने कौतुकाने कॅबिनेटवरून हात फिरविला आणि चटकन मागे घेतला. “मास्तर, ह्याला मुंग्या येतात,” ती म्हणाली. अशा झिणझिण्या अनेक घरांत येतात आणि लोक त्या सहन करतात. एसएमपीएसच्या आत विजेतील खरखर जमिनीत सोडण्यासाठी बारीक धारित्रे असतात. सॉकेटचे तिसरे, मोठे भोक खरोखर जमिनीशी जोडलेले नसेल, तर ही गळती जावयाची कोठे? कॅबिनेटच्या पत्र्यावर सुमारे ११५ व्होल्ट चढून राहतात. प्रवाह अगदी अल्प, म्हणून जीवावर बेतत नाही. पण जी जोडणी बिघाड झाल्यास माणसाला वाचवावयाची, तीच नाही, असा त्याचा अर्थ. दुसऱ्या दिवशी तारतंत्री बोलावून खोलीचे अर्थिंग करून घेतले. त्याने अडीचशे घेतले. उरलेले पन्नास आजीच्या वहीत ‘शिल्लक’ म्हणून जमा झाले.

येथे दिलेले भाव २०२४ चे आहेत आणि ते आज कोणी गृहीत धरू नयेत. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांनी स्मृतीच्या चिपांची मागणी इतकी वाढविली की रॅमचे भाव भडकले आणि पाठोपाठ एसएसडीचेही. त्या डिसेंबरात भाऊ आमच्याकडे आला होता. एक टीबीची दुसरी एसएसडी जोडावी म्हणून त्याने पैसे साठविले होते. पार्कलेनला जाऊन भाव विचारून तो तसाच परतला होता. घरी जाऊन त्याने फोर्झा पुसला आणि ताईच्या नव्या चित्रपटाच्या फायलींना जागा करून दिली. सुट्टीत पुन्हा घालीन, असे तो म्हणाला.